गटाला यंत्र देण्याआधी

सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या बचत गटाला किंवा शेतकऱ्यांच्या एखाद्या लहान कंपनीला हातभार लावावा, असे वाटणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी पुण्यात स्थिरावलेला अभियंता असतो, कोणी निवृत्त शिक्षिका असते, कुठे एखाद्या मंडळाकडे उत्सवाच्या वर्गणीतून उरलेली रक्कम असते. इच्छा खरी असते आणि पैसाही असतो. गाडी अडते ती तो पैसा नेमका कुठे घालावा यापाशी. बँकेतली नोकरी संपल्यानंतर मी गटांच्या वह्या तपासण्याचे आणि त्यांना हिशेब बसवून देण्याचे काम करत आलो आहे. त्या कामातून हाती आलेली रीत येथे मांडतो आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात गटाच्या महिलांना पापडाचे यंत्र मिळावे म्हणून मी एका दात्याकडे शिफारस केली. यंत्र आले, नारळ फुटला, फोटो निघाले. त्यानंतर कळले की यंत्राला थ्री-फेज वीज लागते आणि ज्या घराच्या पडवीत ते ठेवले तिथे सिंगल-फेजच आहे. वीज आणली असती तरी प्रश्न सुटला नसता, कारण यंत्र दोन तासांत जेवढे पापड करते तेवढेच पापड तो गट महिन्याभरात विकत होता. आज त्या यंत्रावर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर कोंबड्या बसतात. दात्याचा दोष नव्हता, महिलांचाही नव्हता. विक्री किती आहे हे मी विचारलेच नव्हते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढू नये. गटाच्या बैठकीत मागे बसावे आणि परवानगी घेऊन तीन वह्या पाहाव्यात: इतिवृत्ताची, बचतीची आणि अंतर्गत कर्जाची. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेबाची नोंद ही पंचसूत्री प्रत्येक गटाला तोंडपाठ असते. वह्यांत ती कितपत उतरली आहे हे पाहायचे असते. मी सर्वांत आधी कर्जाच्या वहीत एक गोष्ट शोधतो: अध्यक्ष आणि सचिव सोडून इतर किती जणींना कर्ज मिळाले आहे. दहापैकी दोघींच्याच नावावर पैसा फिरत असेल, तर तुमची मदतही त्याच दोघींपर्यंत पोहोचेल. इतिवृत्तात सगळ्या सह्या एकाच हाताच्या दिसल्या, तर पुढे जाण्याआधी थोडे थांबावे.

गट कोणत्या छत्राखाली आहे हेही विचारून घ्यावे. ग्रामीण भागातले बरेच गट ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेले असतात, तर काही गट १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने बांधलेले असतात. गावात गटांचा मिळून ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असेल, तर त्यांना वगळून थेट एका गटाशी व्यवहार करणे टाळावे. बँकेच्या, शेतीच्या आणि जनावरांच्या कामात गटांना मदत करणाऱ्या बँक सखी, कृषी सखी, पशु सखी या गावातल्याच महिला असतात आणि बाहेरून येणाऱ्या कोणाही सल्लागारापेक्षा त्यांना त्या गावाची नाडी अधिक ठाऊक असते.

भेटीची वेळ हाही साधा मुद्दा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि कणसांची खुडणी चाललेली असताना प्रशिक्षण ठेवणे म्हणजे महिलांचा रोज बुडवणे होय. सांगोला, पंढरपूर भागात डाळिंबाचा तोडा सुरू असेल, तर तेथेही तेच. रात्री स्वयंपाक उरकल्यावर आठच्या सुमारास होणारी बैठक दुपारी भरवलेल्या शिबिरापेक्षा जास्त कामाची असते.

एका पाकिटाचा हिशेब

आता मुख्य कामाकडे येऊ. पहिल्या महिन्यात बाकी काही जमले नाही तरी चालेल, पण एका वस्तूच्या एका घाण्याचा पूर्ण हिशेब महिलांनी स्वतःच्या हाताने कागदावर मांडलेला असला पाहिजे. सोलापूरकडची सर्वांत ओळखीची वस्तू म्हणून कडक भाकरीचे उदाहरण घेऊ. पुढचे आकडे मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावचे भाव त्या जागी घालावेत.

कडक भाकरी दिसते तितकी सोपी नाही. पीठ ताजे लागते, कारण जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. उकळत्या पाण्यात पीठ मळायचे, परातीत एकसारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर कापडाने दाबत, फिरवत तिच्यातला ओलावा काढायचा. मध्ये कुठे ओल राहिली तर दोन दिवसांत भाकरी वातड होते आणि आठवड्यात बुरशी धरते. गरम भाकरी पाकिटात भरली तरी हेच होते. म्हणून भाजणे हे अर्धेच काम असते. पूर्ण निवू देणे हे उरलेले अर्धे.

दहा किलो ज्वारीच्या सुमारे दीडशे भाकरी झाल्या आणि त्यांतल्या दहा मोडल्या असे धरू. उरलेल्या १४० भाकरींची दहा-दहाची १४ पाकिटे होतात. ज्वारी ४० रुपये किलोने ४०० रुपयांची, निवडणे-दळणे ६० रुपये, सरपण किंवा गॅस ९० रुपये, पाकिटे आणि लेबल ८४ रुपये, सोलापूरला माल पोहोचवण्याचा खर्च १०० रुपये. एकूण ७३४ रुपये झाले, म्हणजे पाकिटामागे सुमारे साडेबावन्न. गट पाकीट ६० रुपयांना विकतो आणि घाण्यामागे १०६ रुपये नफा झाला असे समजतो.

अशाच एका बैठकीत मी विचारले, “अक्का, यात मजुरी कुठं धरली?” अक्का हसल्या. “हाताला कुठं पैसं पडत्यात व्हय, साहेब? त्ये तर घरचंच हाय.”

त्या दीडशे भाकरी थापायला-भाजायला तासाला पंचवीस या वेगाने सहा तास लागतात. १०६ रुपयांना सहाने भागले तर तासाला १८ रुपयेही पडत नाहीत. तीच बाई खुरपणीला गेली असती तर याच्या कितीतरी पट रोज घरी घेऊन आली असती. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ३६० रुपये वाढतात, एकूण खर्च १,०९४ रुपये होतो आणि पाकिटाची खरी किंमत ७८ रुपयांवर जाते. ६० रुपयांना विकलेल्या प्रत्येक पाकिटात गट आपल्या मजुरीतले १८ रुपये गिऱ्हाइकाला फुकट देत असतो. विक्री वाढली की तोटा वाढतो, आणि महिला दमून उद्योग का सोडून देतात याचे उत्तर बहुतेक वेळा याच भागाकारात सापडते.

हा हिशेब फळ्यावर लिहून आपण सांगू नये. खडू महिलांच्या हातात द्यावा. मजुरीची ओळ कोणीतरी स्वतःहून घालेपर्यंत गप्प बसण्याची सवय मला फार उशिरा लागली.

हिशेब पुरा झाला की मदत कुठे करायची हे त्यातच दिसते. वाहतुकीची ओळ पाहा. १०० रुपये १४ पाकिटांवर वाटले तर पाकिटामागे सात रुपये पडतात. तिघींचा माल एकत्र करून ४२ पाकिटे एकाच फेरीत नेली तर अडीच रुपयांच्याही आत येतात. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे, त्याचाही इथे उपयोग होतो. आता ज्वारीची ओळ पाहा. सुगीत तीच ज्वारी ३० रुपयांनी मिळत असेल आणि दिवाळीनंतर ४० रुपयांनी घ्यावी लागत असेल, तर घाण्यामागे शंभर रुपये, म्हणजे पाकिटामागे सात रुपये, केवळ वेळेवर पैसा नसल्यामुळे जातात. सुगीत दहा क्विंटल ज्वारी घ्यायला ३० हजार रुपये लागतात. त्यावर शंभर घाणे निघतात आणि दहा हजार रुपये वाचतात. व्याज आणि घट वजा जाताही बरीच रक्कम गटात राहते. त्या पापड-यंत्राची किंमत याच्या कितीतरी पट होती.

आणखी एक फायदा ओघाने होतो. गटाने ही ज्वारी आपल्याच गावातल्या शेतकऱ्यांकडून व्यापाऱ्यापेक्षा रुपया-दोन रुपये वर देऊन घेतली, तर शेतकऱ्याचा हमाली-तोलाईचा आणि गाडीभाड्याचा खर्च वाचतो. काळ्या, खोल जमिनीवर हिवाळ्याच्या थंडीवर आणि मुरलेल्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी आणि तिची भाकरी यांच्यामध्ये मग दुसरे कोणी उरत नाही.

पैसा कसा द्यावा

कर्ज दिले की गरिबी हटते, अशी एक समजूत जगभर मोठ्या जोमाने पसरली होती. २०१५ साली बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले लघुकर्जाचे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतला भारतातला अभ्यास हैदराबादच्या वस्त्यांमधला होता. कर्जामुळे काहींना आधीचा धंदा वाढवता आला, अडीनडीला पैसा हाताशी राहिला, परंतु सरासरी उत्पन्नात मोठी झेप कुठेच दिसली नाही. कर्ज वाईट असते असा याचा अर्थ काढू नये. वरच्या हिशेबातल्या ज्वारीच्या ओळीसारखी नेमकी जागा सापडल्याशिवाय कर्ज उभे करू नये, एवढाच तो आहे.

परतफेडीचे वेळापत्रक धंद्याच्या चालीवर बसवावे. कोलकात्यातल्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, काही महिलांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची मुभा दिली होती. त्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त होता. मात्र त्यांच्यात थकबाकीही वाढली. दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. मार्चमध्ये ज्वारीसाठी दिलेल्या रकमेचा हप्ता एप्रिलपासून सुरू केला, तर महिला दुसरीकडून पाच टक्के महिन्याने उचलून तो भरतात. मी असे हप्ते ‘वेळेवर’ आलेले पाहिले आहेत. तीन महिने सूट आणि मग विक्रीच्या महिन्यांत मोठे हप्ते ही मांडणी ज्वारीला मानवते.

आता नाजूक मुद्दा. श्रीलंकेत लहान व्यावसायिकांना भांडवल दिले तेव्हा पुरुषांचा नफा वाढला आणि महिलांचा वाढलेला दिसला नाही. त्यावरून महिलांना धंदा जमत नाही असे म्हणणारेही निघाले. पुढे भारत, घाना आणि श्रीलंका येथली माहिती पुन्हा तपासली गेली आणि २०१९ मध्ये खुलासा झाला: ज्या घरात नवऱ्याचाही धंदा आहे त्या घरात महिलेला मिळालेले भांडवल अनेकदा नवऱ्याच्या धंद्यात जाते. घरात एकटीचाच धंदा असेल, तर तिलाही परतावा मिळतो. आपल्याकडे बोअर घ्यायला, ट्रॅक्टरचा हप्ता भरायला गटाचे कर्ज वापरले जाते, ते याच चालीचे आहे. घरातल्या निर्णयावर बाहेरच्याने बोट ठेवू नये. मात्र रक्कम वस्तूच्या रूपाने किंवा गटाच्या सामायिक खरेदीतून दिली, तर ती ज्या कामासाठी दिली त्याच कामात राहण्याची शक्यता वाढते. दहा क्विंटल ज्वारी ट्रॅक्टरच्या हप्त्याला देता येत नाही.

प्रत्येक सदस्येचे बँक खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे आणि ते तिला चालवता यावे. मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, रोजगार हमीची मजुरी महिलांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खाते कसे वापरायचे हेही शिकवले. त्यानंतर त्या महिलांचे कामावर जाण्याचे प्रमाण वाढले. खाते उघडून देणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक सखीबरोबर एक दुपार घालवून पैसे काढणे, पासबुक भरून घेणे आणि आलेला संदेश वाचणे प्रत्येकीकडून एकदा करवून घ्यावे.

स्वतःच्या खिशातून दान देण्याआधी बँकेचे दार वाजवावे. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, १९९२ मध्ये गट आणि बँका जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून वहीची शिस्त असलेल्या गटाला कर्ज मिळणे अशक्य राहिलेले नाही, आणि १० लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. शाखेत कोणी तारण मागितले तर गटाने आवाज न चढवता नियम दाखवावा. सोबत आपण असलो तर बरे, पण बोलायचे गटानेच. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये असे कर्जाशी जोडलेले अनुदान आणि गटातल्या प्रत्येक प्रक्रिया करणाऱ्या सदस्येमागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी रचना आहे. अर्ज करताना चालू अटी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात पाहून घ्याव्यात. अनुदानासाठी उद्योग उभारू नये, एवढे मात्र स्पष्ट सांगतो. अनुदान शेवटी येते, हप्ता आधी सुरू होतो.

कागदपत्रे

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. तिच्यासाठी हजार-पाचशे रुपये घेणारे एजंट आजही भेटतात. त्यांना एक पैसाही देऊ नये. खाद्यपदार्थ विकायचा असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. बाईच्या डोक्यावरच्या पदराचे चित्र मोठे आणि वजन बारीक, अशी लेबले फार दिसतात. वजन वाचता येईल एवढे मोठे छापावे.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाची ओळख पटवणारे ‘जीआय’ चिन्ह, मिळाले आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना ते त्याआधीच मिळाले होते. पण मानांकन आहे म्हणून कोणीही ते चिन्ह छापू शकत नाही. उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मंगळवेढा परिसरातला गट ज्वारीचे पीठ किंवा धान्य विकणार असेल, तर ही नोंदणी करून देणे ही फार थोड्या खर्चाची आणि टिकाऊ मदत आहे.

शेंगाचटणीचा धडा

सोलापूरची शेंगाचटणी उखळात कुटून तेल सुटेपर्यंत केलेली असते आणि तेच तेल तिचा वैरी आहे. हवा आणि ऊन लागले की ती खवट होते. पातळ पारदर्शक पिशवीत भरून दुकानाच्या दारात टांगलेली चटणी महिन्याभरात बिघडते. जाड, प्रकाश अडवणारे पाकीट दीड-दोन रुपयांनी महाग पडले तरी तेच घ्यावे. त्याहून गंभीर गोष्ट शेंगदाण्याची. ओलसर राहिलेल्या दाण्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे भाजूनही पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा हाताने निवडून टाकणे हाच खरा उपाय आहे आणि त्या निवडण्याचे तास हिशेबात धरले पाहिजेत, नाहीतर घाईच्या दिवशी तेच काम गाळले जाते.

प्रत्येक घाण्यातले एक पाकीट तारीख लिहून बाजूला ठेवावे आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने, दीड महिन्याने फोडून चाखावे. ‘तीन महिने टिकते’ असे लेबलवर लिहिण्याचा अधिकार या चाखण्यातून आणि प्रयोगशाळेच्या तपासणीतून मिळतो. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड आणि मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्रांत प्रक्रियेविषयी मार्गदर्शन मिळू शकते. डाळिंबाचा प्रश्न असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहेच.

अनेक घरांत माल तयार होणार असेल, तर लिज्जत पापडाची पद्धत डोळ्यापुढे ठेवावी. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या उद्योगात पीठ एका जागी मळले जाते, लाटणे घरोघर होते, आणि आलेला पापड तपासूनच त्या-त्या बाईला किलोवर मोबदला मिळतो. कडक भाकरीला हीच रीत लागू पडते: दळण एका ठिकाणी, थापणे घरी, तपासणी पुन्हा एका ठिकाणी. तपासणी करणारी सदस्या दर महिन्याला बदलावी, नाहीतर जावा-जावांची भांडणे गटात येतात.

शेतकऱ्यांची बाजू

ज्वारी सुगीत विकावी लागते ती पैशाच्या निकडीमुळे. पूर्वी गावोगाव पेवे होती, घरात बळदे होती, आणि धान्य भाव येईपर्यंत दम धरून राहात असे. आज त्या जागी गोदाम आणि तारण आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून पिकानुसार त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. योजना जुनी आहे, तरी अनेक शेतकऱ्यांना ती ऐकूनच ठाऊक असते, कारण दोन-चार पोत्यांसाठी तालुक्याला खेटे घालणे परवडत नाही. दहा-बारा जणांचा माल एकत्र करून, नीट वाळवून, एकाच टेम्पोने नेऊन द्यायला मदत करणे ही बाहेरच्या माणसाला सहज जमणारी गोष्ट आहे. टेम्पोचे भाडे द्यावे आणि कागद भरायला शेजारी बसावे.

हुरड्याचाही विचार व्हावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कोवळी ज्वारी हुरड्यासाठी दिली तर धान्याची वाट न पाहता पैसा येतो, आणि हुरड्याबरोबर शेंगाचटणी विकली जाते हे सोलापूरकराला सांगायला नको. मात्र शनिवार-रविवारची हुरडा पार्टी म्हणजे घरातल्या बायकांना फुकटचा स्वयंपाक ठरू नये; त्यांची मजुरी ताटाच्या दरात आधी धरावी.

शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याची घाई करू नये. कायद्याने दहा उत्पादक आणि पाच संचालक एवढ्यावर कंपनी स्थापन होते, आणि तिथेच फसगत होते. वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद वेळेवर दाखल झाला नाही, तर प्रत्येक फॉर्मला दररोज १०० रुपये जादा शुल्क चढत जाते. सलग तीन वर्षे विवरणे राहिली तर संचालक अपात्र ठरतात. ज्या कंपनीची उलाढाल सनदी लेखापालाच्या फीएवढीही नाही, तिने आणखी दोन वर्षे साधा गट म्हणून राहावे. कंपनी काढलीच, तर पहिल्या दोन वर्षांची लेखापरीक्षणाची फी भरणे ही दात्यासाठी यंत्राहून उपयोगी देणगी आहे. तिच्यावर नाव कोरता येत नाही, एवढीच अडचण.

कंपनीत महिला सभासद हव्या असतील तर ‘सातबारा आणा’ ही अट आधी काढून टाकावी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खातेदारांत महिला सुमारे १४ टक्के आहेत; शेतात राबणाऱ्या महिलांशी या आकड्याचा काही मेळ नाही. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ‘उत्पादक’ म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती, त्यामुळे उस्मानाबादी शेळ्या पाळणारी किंवा वाट्याने शेती करणारी बाईही सभासद होऊ शकते, आणि तिला मत एकच असले तरी ते इतरांएवढेच असते. सातबाऱ्यावर नाव लावायचे असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. तलाठ्याकडे अर्ज द्यायला नवरा-बायको दोघांनी मिळून जावे. हा विषय बैठकीत सगळ्यांसमोर काढला तर पुरुष अडून बसतात. एखाद्या घरात चहा घेताना निघाला तर बऱ्याचदा मान्य होतो.

विक्री आणि उधारी

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत, आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, अक्कलकोटला आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल लावणे ओळख होण्यासाठी चांगले आहे. त्यावर वर्षाचे पोट भरत नाही. महिन्याला ठरावीक पाकिटे घेणारी पाच दुकाने आधी शोधावीत. दुकानदाराला २० टक्के सोडले तर १०० रुपये छापील किमतीचे पाकीट गटाला ८० रुपये देते, म्हणजे आपल्या हिशेबात फक्त दोन रुपये उरतात. त्यामुळे किंमत ११० करायची की ज्वारी आणि वाहतूक स्वस्त करून आहे तीच ठेवायची, हा निर्णय महिलांनी वही समोर ठेवून घ्यावा.

पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींत पाकिटे वाटून ‘ऑर्डर’ मिळवून देणे टाळता आले तर टाळावे. पहिल्या वेळी सगळे कौतुकाने घेतात, दुसऱ्या वेळी फोन उचलत नाहीत, आणि गटाने तोवर शंभर किलो ज्वारी दळून ठेवलेली असते. उधारी दिलीच तर माल दिल्याच्या चलनावर सही आणि तारीख घ्यावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, असे २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. हे एक वाक्य चलनाच्या तळाशी छापले तरी काही दुकानदारांची स्मरणशक्ती सुधारते.

निघण्याची तयारी

दोन वर्षांनंतर आपण बैठकीला जाणे कमी करावे आणि जाण्याआधी काही बारीक गोष्टी तपासाव्यात. उद्यम आणि अन्नसुरक्षा नोंदणीला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला आहे ते पाहावे. सुरुवातीला सोयीसाठी आपण आपलाच दिलेला असतो आणि नोंदणीविषयीचा संदेश दोन वर्षांनी आपल्याकडे येऊन तसाच पडून राहतो. ईमेल आणि पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर नव्हे, सचिव आणि कोषाध्यक्ष या दोघींकडे स्वतंत्र लिहून द्यावेत. गोदामाची पावती, लेबलची फाइल, छपाईवाल्याचा आणि पाकीटवाल्याचा पत्ता गटाकडे असावा. आणि स्टॉलवर चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडला आहे, हे विचारून भागत नाही; आपल्या मोबाइलवरून एक रुपया पाठवावा आणि पैसे आल्याचा आवाज कोणाच्या फोनवर होतो ते ऐकावे.